डोळ्यांना दिसलेला डोंगर फोटोत कुठे जातो?

पावसाळा संपता संपता हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाइल बघा. कोकणकड्याचे पंधरा-वीस फोटो असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत कोकणकडाच नसतो. खाली राखाडी दरी, वर पांढरं आभाळ, मधे काळ्या दगडाची एक आडवी रेघ. ज्या कड्यावर पालथं पडून खाली डोकावताना पोटात गोळा आला होता, त्याची खोली फोटोत कुठेच सापडत नाही. घरच्यांना फोटो दाखवताना मग जोडीला सांगावं लागतं, "प्रत्यक्षात फार भारी होतं."

हे वाक्य बोलावं लागलं की समजायचं, फोटो कमी पडला. त्याच जागी, त्याच वेळी हातात महागडा कॅमेरा असता तरी असाच फोटो आला असता, थोडा अधिक स्पष्ट एवढंच. आपण जे बघतो आणि यंत्र जे टिपतं, त्यांत मुळातच मोठं अंतर आहे. ते कशात आहे हे कळलं की साधा लँडस्केप आणि वर्षानुवर्षं लक्षात राहणारा लँडस्केप यांतला फरकही उलगडायला लागतो.

डोंगर लहान का होतो

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स बरीच वाइड असते. आडव्या फोटोत ती सुमारे 70 अंशांचा पट्टा टिपते. समजा, तुमच्यापासून 5 किलोमीटरवर एक डोंगर आहे आणि तो तुमच्या जागेपेक्षा 600 मीटर उंच आहे. सह्याद्रीत असं दृश्य पावलोपावली भेटतं. गणित मांडलं तर हा डोंगर फोटोच्या उंचीच्या जेमतेम आठव्या भागात मावतो. उरलेल्या सात भागांत आभाळ, झुडपं आणि पायवाट. डोळ्यांसमोरही तो तेवढीच जागा व्यापत असतो, पण आपलं मन त्याच्यावर खिळलेलं असतं, त्यामुळे बाकीचं सगळं दिसूनही न दिसल्यासारखं होतं. कॅमेऱ्याला असं मन नाही. डोंगर, विजेची तार आणि कोपऱ्यात पडलेली पाण्याची बाटली या तिन्ही गोष्टी तो सारख्याच इमानदारीने टिपतो.

चंद्राचं उदाहरण घेतलं तर हे आणखी ठळक होतं. चंद्राचं बिंब आकाशात फक्त अर्ध्या अंशाचं. मोबाइलच्या वाइड लेन्समध्ये ते फोटोच्या रुंदीच्या साधारण दीडशेव्या भागाएवढं उमटतं, म्हणजे एक पांढरा ठिपका. लांबचं मोठं करून दाखवणाऱ्या 400 मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्समध्ये तेच बिंब रुंदीच्या दहाव्या भागाएवढं होतं. किल्ल्याच्या बुरुजामागे भलामोठा चंद्र असलेले फोटो बघून पुष्कळांना ती कॉम्प्युटरची करामत वाटते. काही वेळा असतेही. पण खरोखर काढलेला तसा फोटो बुरुजापासून दीड-दोन किलोमीटर लांब जाऊन काढलेला असतो. दहा मीटर उंचीचा बुरूज तेवढ्या अंतरावरून चंद्रापेक्षाही लहान दिसतो, चंद्र मात्र कुठूनही बघा, तेवढाच राहतो.

म्हणजे लेन्सच्या आधी प्रश्न येतो तो उभं कुठे राहायचं याचा. झूम केलं की मागचा डोंगर जवळ येतो, असं सर्रास सांगतात. झूमने फक्त चौकट लहान होते. देऊळ आणि डोंगर यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण ठरतं ते आपल्या पायांखालच्या जागेवरून. आठ मीटर उंचीचं देऊळ घ्या आणि मागे तोच 5 किलोमीटरवरचा डोंगर. देवळापासून 20 मीटरवर उभे राहिलात तर देऊळ डोंगराच्या तिपटीहून मोठं दिसेल. मागे सरकत देवळापासून 200 मीटरवर गेलात तर गणित उलटतं. आता डोंगर देवळाच्या जवळजवळ तिप्पट. त्या एवढ्या चालण्यात डोंगराच्या आकारात काहीच फरक पडलेला नसतो, देऊळ तेवढं दहावा हिस्सा झालेलं असतं. मग झूम करून दोघांना चौकटीत घ्यायचं. डोंगराच्या कुशीत विसावलेलं इवलंसं देऊळ बघून जे मनात आलं होतं, ते आता फोटोत उतरतं. जवळून काढलेल्या फोटोत ते कधीच उतरलं नसतं, मग लेन्स कोणतीही असो.

कासच्या पठारावर हाच मुद्दा फार सुंदर समजतो. ऑगस्टच्या अखेरीपासून तिथे तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग पसरतो. लोक पाच फुटांवरून, खाली बघत फोटो काढतात आणि हिरमुसतात. फोटोत जांभ्याचा दगड आणि चिखलच जास्त दिसतो, फुलं मधे मधे विखुरलेली. उंचावरून बघितलं की दोन फुलांमधली माती दिसणारच. तोच कॅमेरा खाली बसून फुलांच्या उंचीला आणा. आता नजर जमिनीला जवळपास समांतर जाते, पुढच्या फुलांमागे मागची फुलं येतात, मधली माती झाकली जाते आणि डोळ्यांना लांबून भासला होता तो गालिचा तयार होतो. यासाठी फुलांत शिरायची काही गरज नाही. पायवाटेच्या कडेला बसून थोडी झूम लेन्स वापरली की उलट अधिक दाट परिणाम मिळतो. दगडावरचा तो मातीचा थर अगदी पातळ असतो. एका सेल्फीसाठी तिथे पाय पडला तर त्या जागेला सावरायला फार वेळ लागतो, आणि हे माहीत असूनही लोक पायवाट सोडून आत शिरतात याचं मनापासून वाईट वाटतं.

आता कोकणकडा. त्याचा फोटो फसतो, कारण बहुतेक सगळे कड्याच्या मधोमध उभे राहून समोर किंवा खाली कॅमेरा धरतात. खोली ही तिथे आपल्या पायांखाली असते, आणि सपाट फोटोत पायांखालची खोली दाखवायला काही साधनच उरत नाही. आपले दोन डोळे मिळून अंतराचा अंदाज घेतात, डोकं जरा हललं की जवळचे दगड लांबच्या झाडांवरून सरकताना दिसतात, खालून वर येणारा वारा तोंडावर आदळतो. यातलं काहीही फोटोत येत नाही. पण हा कडा सरळ नाही, अर्धगोलासारखा आत वळलेला आहे. त्याच्या एका टोकाकडे गेलं की समोरच्या बाजूची भिंत आडवी दिसते, वरपासून खालपर्यंत. लाव्ह्याचे एकावर एक साचलेले आडवे थर मोजता येतात. त्या भिंतीच्या माथ्यावर कुणी बसलेलं असेल तर ती व्यक्ती तीळभर दिसते, आणि बघणाऱ्याच्या पोटात तोच गोळा येतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे संध्याकाळचं तिरपं ऊन थेट या भिंतीवर पडतं. दुपारी तिथे केलेली सगळी धडपड वाया जाते. एक सांगणं: कडेचा दगड पावसाळ्यात भयंकर निसरडा असतो आणि काही ठिकाणी सुटलेलाही. चांगल्या कोनासाठी पुढे सरकण्याऐवजी बाजूला सरकावं, कोन तिथेच मिळतो.

प्रकाश कुठून येतो

सकाळ-संध्याकाळी फोटो चांगले येतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कारण मात्र बहुतेक जण फक्त रंगाचं सांगतात. सूर्य क्षितिजाशी असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने जवळपास 38 पट हवेतून वाट काढत येतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, तांबडा-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. हे खरंच. पण माझ्या मते रंगापेक्षा मोठी गोष्ट आहे दिशा. दुपारच्या उभ्या उन्हात डोंगराची प्रत्येक घडी सारखीच उजळते आणि डोंगर कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. ऊन बाजूने आलं की प्रत्येक सोंडेची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत जाते. घळी, कातळटप्पे, गवताचे उतार वेगवेगळे होतात. दोन डोळ्यांनी जी खोली जाणवत होती, ती आता सावल्या सांगतात. ब्लॅक अँड व्हाइट फोटोंमध्ये सोनेरी रंग नसूनही पहाटेचं ऊन जाणवतं, ते याच सावल्यांमुळे.

परदेशी व्हिडिओंमध्ये या वेळेला 'गोल्डन अवर' म्हणतात आणि निवांत तासभर काम करताना दाखवतात. आपल्याकडे तेवढा वेळ मिळत नाही, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ उतरतो. तो क्षितिजापासून 6 अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत आपल्याला साधारण 25 मिनिटं मिळतात. आइसलँडसारख्या उत्तरेकडच्या प्रदेशात सूर्य तिरका, क्षितिजाला घासत उतरतो. तिथे मार्चमध्ये याच्या दुप्पट वेळ मिळतो, आणि 21 डिसेंबरच्या सुमारास तिथल्या राजधानीत, रेक्याविकला, तर सूर्य भरदुपारीही 3 अंशांच्या वर जात नाही. तिथल्या फोटोग्राफरला थांबून, हिंडून, जागा बदलून बघायची सवड असते. आपल्याला जागा आधीच ठरवून ठेवावी लागते. गडावर जाऊन सूर्यास्त करायचा असेल तर दुपारी तीनलाच तिथे फिरून घ्यावं, दोन-तीन जागा पायांनी तपासून ठेवाव्यात आणि ऊन तिरपं झालं की त्यांतल्या एकाच जागी टिकून राहावं. त्या 25 मिनिटांत इकडून तिकडे पळणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही.

ढगाळ दिवस वाया जातो, हा समज आपल्या सह्याद्रीत तरी सोडून द्यायला हवा. श्रावणातल्या ढगाळ उजेडात जंगल, ओढे, शेवाळलेले दगड फार छान येतात, कारण कडक सावल्या नसतात आणि हिरव्याच्या सगळ्या छटा टिकतात. फक्त पानांवर आणि ओल्या कातळावर आभाळाची पांढरट चमक येते आणि रंग फिका पडतो. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून तो हळूहळू फिरवला की ही चमक ओसरते आणि खालचा खरा हिरवा वर येतो. आभाळ निळं करायला म्हणून लोक हा फिल्टर घेतात, पण आपल्याकडे त्याचा खरा उपयोग पावसात आहे. अशा दिवशी आभाळ मात्र चौकटीतून काढूनच टाकावं. पांढरं रिकामं आभाळ फोटोत उजेडाचा मोठा तुकडा म्हणून उरतं आणि नजर तिकडेच ओढली जाते.

धुक्याबद्दलही असंच. लोक स्वच्छ हवेची वाट बघतात. पण डोंगरांच्या रांगा एकामागे एक वेगळ्या दिसतात त्या हवेत थोडा ओलावा आणि धूळ असते म्हणून. जितकी रांग लांब, तितकी मधली हवा जास्त, तितका तिचा रंग फिका आणि निळसर. सूर्याच्या दिशेने बघितलं तर हा फरक आणखी वाढतो. हिवाळ्यात रात्रभर थंड झालेली जड हवा दरीत उतरते, तिथे धुकं साचतं आणि सकाळी गडावरून बघितलं तर फक्त माथे वर डोकावताना दिसतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरून डिसेंबरातली अशी सकाळ ज्यांनी बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पण तिथेही वाइड लेन्सने सगळं एका चौकटीत कोंबण्याचा मोह आवरला पाहिजे. झूम करून तीन-चार रांगांचा एकच तुकडा घ्यावा.

फोटो कशाचा आहे?

इथपर्यंत जे सांगितलं ते शिकता येतं आणि मोजताही येतं. पण नेमकी जागा, योग्य ऊन, अचूक लेन्स असूनही कितीतरी फोटो निर्जीव राहतात. कारण काढणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो: मी इथे कशासाठी थांबलो? "निसर्ग सुंदर होता" हे उत्तर फार ढोबळ आहे. "त्या काळ्या ढगाखाली एकाच शेतावर ऊन पडलं होतं" हे उत्तर कामाचं आहे, कारण आता काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपोआप ठरतं. शेत आणि ढग ठेवायचे. नदी कितीही सुंदर असली तरी ती दुसऱ्या फोटोत.

या बाबतीत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या एका फोटोइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. अ‍ॅडम्स (1902–1984) हे अमेरिकेतले निसर्ग-छायाचित्रकार. 1941 सालच्या शरद ऋतूत ते न्यू मेक्सिको राज्यात गाडीने चालले होते. दिवसभराचं काम मनासारखं झालेलं नव्हतं. रस्त्यालगत हर्नांडेझ नावाचं छोटं गाव लागलं. मातीची बसकी घरं, एक चर्च, शेजारच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे बर्फाचे डोंगर आणि त्यावर नुकताच चढलेला, पौर्णिमेला दोन दिवस कमी असलेला चंद्र. पाठीमागे सूर्य ढगांच्या कडेशी पोचला होता आणि त्याचे शेवटचे किरण त्या क्रुसांवर पडले होते. त्यांनी गाडी थांबवली आणि 8 बाय 10 इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला. उजेड मोजायचं मीटर मात्र सापडेना.

मीटरशिवाय एक्सपोजर, म्हणजे निगेटिव्हवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवायचं कसं? अ‍ॅडम्स यांना चंद्राच्या पृष्ठाची तेजस्विता पाठ होती: दर चौरस फुटाला 250 कँडल. चंद्र फोटोत पांढरा, पण त्यावरचे डाग दिसतील इतपत पांढरा हवा, असं धरून त्यांनी हिशेब केला आणि लेन्सचं छिद्र एफ/32 एवढं बारीक ठेवून एक सेकंदाचं एक्सपोजर दिलं. खबरदारी म्हणून दुसरी निगेटिव्ह घ्यायला ते वळले, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. त्या दृश्याची एकच निगेटिव्ह आहे.

ही गोष्ट बहुतेक वेळा नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात तयारी दिसते. चंद्राची तेजस्विता त्या घटकेला कुणी पाठ करत नाही. आणि खरं काम तर पुढे सुरू झालं. त्या निगेटिव्हवरून केलेल्या सुरुवातीच्या साध्या प्रिंटमध्ये आभाळ बरंच फिकं आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे आहेत, आणि फोटो चांगला असला तरी थरारून टाकणारा नाही. अ‍ॅडम्स यांनी 1948 मध्ये निगेटिव्हच्या खालच्या भागाची घनता रासायनिक प्रक्रियेने वाढवली, म्हणजे गाव आणि क्रूस अधिक उठावदार छापता यावेत. मग पुढच्या काही दशकांत हजाराहून जास्त प्रिंट करताना ते वरचं आभाळ गडद गडद करत गेले. उत्तरकाळातल्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं आहे, पुसट ढग त्यात बुडून गेले आहेत. उरतो वर चंद्र आणि खाली उजळलेले क्रूस. आपण रस्त्यात का थांबलो होतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून काय बुडवायचं हेही कळलं. ते उत्तम पियानो वाजवत आणि म्हणत की निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष वादन.

अ‍ॅडम्स यांना या फोटोची तारीख मात्र आठवत नसे. वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी वेगवेगळी सालं दिली. पुढे खगोल-अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित करून ती काढली: 1 नोव्हेंबर 1941, संध्याकाळी पाच वाजायला दहा-अकरा मिनिटं कमी.

चंद्र आणि उजळलेली जमीन एकत्र हवी असेल तर आपल्याकडच्या कॅलेंडरचा यात थेट उपयोग होतो. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि तो जरा वर येईपर्यंत जमीन अंधारात गेलेली असते. चतुर्दशीला तो त्याच्या पाऊण-एक तास आधी उगवतो. त्यामुळे चंद्र वर आलेला असतो आणि गावावर अजून ऊन असतं.

दुसरं उदाहरण ल्हासाचं. 1981 मध्ये गेलन रोवेल हे अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार तिबेटमध्ये होते. पावसानंतर इंद्रधनुष्य उमटलं, पण पोताला राजवाड्यापासून लांब, शेतांवर. सोबतचे लोक जागीच थांबले. रोवेल यांच्या डोक्यात वेगळं गणित चालू होतं. इंद्रधनुष्य एखाद्या झाडासारखं जागेवर रोवलेलं नसतं. सूर्य पाठीशी असताना, आपल्या डोक्याच्या सावलीभोवती साधारण 42 अंशांवर ते दिसतं. आपण सरकलो की तेही सरकतं. म्हणजे योग्य जागी पोचलं तर त्याचं टोक राजवाड्यावर आणता येईल. उंचीवरच्या त्या विरळ हवेत ते धावत सुटले आणि जागा गाठली. काळे ढग, खाली उन्हात उजळलेला राजवाडा आणि त्याच्या छपरावर टेकलेलं इंद्रधनुष्य असा तो फोटो आहे. जोडणी इतकी चपखल आहे की पुष्कळांना ती बनावट वाटते. ती धावून मिळवलेली आहे.

याच भूमितीची एक देखणी गोष्ट कोकणकड्यावर घडते: इंद्रवज्र. सकाळी सूर्य पाठीशी, समोर खाली दरीत धुकं, आणि आपली सावली त्या धुक्यावर पडलेली. सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ दिसतं. शेजारी उभ्या असलेल्याला त्याच्या स्वतःच्या डोक्याभोवतीच ते दिसतं. हे दिसायला कडा पश्चिमेकडे बघणारा, सूर्य पूर्वेला खाली आणि धुकं आपल्या पातळीच्या खाली हवं. तिन्ही जुळण्याचे दिवस वर्षात मोजकेच, आणि कारण माहीत असलेला माणूसच त्या सकाळी नेमक्या जागी जाऊन उभा राहतो.

नंतरचं काम

संगणकावर किंवा मोबाइलवर फोटो 'एडिट' करणं म्हणजे खोटेपणा, असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. वरची अ‍ॅडम्स यांची हकिगत त्यांना आवर्जून सांगावी. आपले डोळे उजळ आभाळाकडून अंधाऱ्या दरीकडे वळताना पटकन जुळवून घेतात. कॅमेऱ्याला एकाच झेपेत दोन्ही धरावं लागतं आणि तो एकाला गमावतो. हल्लीचे मोबाइल वेगवेगळ्या एक्सपोजरचे अनेक फोटो क्षणात काढून ते जुळवतात. त्याने अडचण सुटते, पण दुसरी येते: सगळं सारखंच उजळतं. सावलीतली दरीही स्पष्ट, ढगही स्पष्ट, आणि बघणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नाही. एडिटिंगमध्ये पहिलं काम बहुतेक वेळा काळोख परत आणण्याचं असतं. चौकटीच्या कडा थोड्या दाबा, बिनकामाचा उजेड कमी करा, जिथे नजर जायला हवी तो भाग किंचित उचला. बदल इतका हलका असावा की बघणाऱ्याला तो कळू नये.

रंग भडक करणाऱ्या सॅच्युरेशनच्या पट्टीला मात्र मी शक्यतो हात लावत नाही, आणि दुसऱ्यांनीही लावू नये असं कळकळीने वाटतं. आषाढातला सह्याद्री आधीच इतका हिरवा असतो की त्यात आणखी हिरवा ओतला तर भाताच्या रोपांचा पोपटी, कारवीचा गडद, शेवाळाचा पिवळट हे सगळे फरक मिटून एकच रंग उरतो.

मर्यादा कुठे आखायची? आंद्रेआस गुर्स्की या जर्मन कलाकाराचा ऱ्हाइन नदीवरचा 1999 चा फोटो 2011 मध्ये लिलावात 43 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. करडं आभाळ, हिरवे पट्टे आणि मधून वाहणारी नदी, बस. पलीकडच्या काठावरच्या इमारती आणि कुत्रा फिरवणारी माणसं त्यांनी संगणकावर काढून टाकली होती, आणि ते लपवलंही नव्हतं. कलाकृती म्हणून मला तो फोटो मान्य आहे. पण एखादी जागा अशी आहे, असं सांगणाऱ्या फोटोत पवनचक्क्या पुसणं किंवा दुसऱ्या दिवशीचं आभाळ चिकटवणं मला पटत नाही. रोवेल यांच्यासारखं धावण्यात काय अर्थ उरतो मग?

पुन्हा त्याच जागी

लक्षात राहणारे बरेचसे फोटो ओळखीच्या जागांवर निघतात, पहिल्यांदाच गेलेल्या जागी क्वचित. पहिल्या भेटीत आपण भारावलेले असतो, आणि आपल्या आधी हजारो लोक जिथे उभे राहिले तिथेच जाऊन उभे राहतो. चौथ्या-पाचव्या भेटीत कळतं की गुरं कोणत्या वाटेने परततात, मे महिन्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा धूर संध्याकाळी कुठल्या घळीत साठतो, कोणतं झाड आधी पानं गाळतं. घराजवळच्या टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्याकडे हे ज्ञान आपसूक जमा होत असतं. त्याने कॅमेरा सोबत न्यावा, एवढंच.

अशा ओळखीत सूर्याची जागा ही फार मोलाची गोष्ट. सूर्य पश्चिमेला मावळतो हे वर्षातून दोनच वेळा नेमकं खरं असतं. महाराष्ट्रात जूनमध्ये तो पश्चिमेपासून साधारण 25 अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे क्षितिजावर 50 अंशांचा प्रवास. मार्च आणि सप्टेंबरात तो दर संध्याकाळी जवळपास आपल्या बिंबाएवढा सरकतो, जून-डिसेंबरात जवळजवळ थबकतो. हे दाखवणारी अ‍ॅप आता सहज मिळतात, नकाशावर बोट ठेवलं की त्या दिवसाची दिशा समोर येते.

राजगडावरून तोरणा पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे कललेला आहे. थंडीच्या दिवसांत, जेव्हा गडावर बरीच गर्दी असते, तेव्हा सूर्य त्याच्या बराच डावीकडे मावळतो आणि तोरणा नुसता अंधुक होत जातो. सूर्य तोरण्याच्या बाजूला सरकतो तो मेच्या अखेरीस. तेव्हा हवेत धूळ असते आणि लांबचं काही धड दिसत नाही. पण वळवाचा एखादा पाऊस दुपारी पडून गेला की हवा धुऊन निघते आणि उरलेल्या ढगांना खालून रंग चढतो. तोरण्यामागचा सूर्यास्त ज्याला हवा आहे, त्याने त्या दुपारचा पाऊस राजगडावरच काढावा. तो थांबल्यावर पुण्याहून निघून काही उपयोग नाही.